बायनाबाईचं पोतं

घाटनांदूरच्या आमच्या छपाई सोसायटीत खळ शिजायला लागली की स्टेशन रोडवर सगळ्यांना कळायचं. वास असा, की भुकेल्या माणसाची भूक मरावी. पण तिच्याशिवाय आमचं पानही हलत नव्हतं. चादरीवर गुलाब छापायचा तर नुसता पातळ रंग चालत नाही. तो कापडावर पसरतो आणि गुलाबाचा कोबी होतो. म्हणून रंगात खळ घालून तो दाट करायचा, जाळीच्या स्क्रीनवरून ओढायचा, वाफ द्यायची आणि शेवटी खळ धुऊन काढायची. फूल राहतं, खळ गटारीत जाते. या खळीला रंगमास्तर धर्मराज थिकनर म्हणायचे, कारण ते सोलापूरला शिकून आले होते. आम्ही बाकीचे खळच म्हणायचो.

२००३ सालच्या भादव्यात आप्पांनी एक समिती नेमली. खळीची पूड इथून पुढं कुणाकडून घ्यायची, हे तिनं ठरवायचं होतं. आप्पा आमचे चेअरमन. डोंगराच्या खाली त्यांचा मोठा मळा, वर राजकारण, आणि मधल्या वेळात आमची सोसायटी. समितीत ते स्वतः, धर्मराज मास्तर आणि मी, म्हणजे रामहरी कारकून. आप्पांनी बोलायचं, मास्तरांनी काम करायचं आणि मी चहा सांगायचा, अशी आमची वाटणी होती. मला ती मान्य होती. चहा सांगणाऱ्याला सगळं ऐकू येतं आणि कुणी काही विचारत नाही.

पावसानं त्या साली सलग दुसऱ्यांदा तोंड फिरवलं होतं. कपिलधारला जाऊन आलेले लोक सांगायचे की, धबधब्याच्या जागी कातळावर नुसती काळी रेघ उरलीय. आमच्याकडं पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं, ओल्या फडक्यानं पुसून घेतले. आणि अशात आम्ही चादरी धूत होतो. टँकर सोसायटीच्या फाटकात शिरला की बायाबापड्या कळशा घेऊन नुसत्या बघत उभ्या राहायच्या. मला मान वर करून त्यांच्याकडं बघवायचं नाही. पण चादरी धुतल्या नाहीत तर त्यातल्याच कितीतरी घरांची चूल बंद पडणार होती, त्यामुळं मी गप्प फाटक लावून घ्यायचो.

तर नमुने तीन आले. पहिला गुजरातचा, गवारीच्या बियांची पूड. तो घेऊन आलेल्या एजंटानं आप्पांना एक घड्याळ आणि मला एक पेन दिलं. पेन दुसऱ्या दिवशी बंद पडलं. दुसरा मुंबईच्या एका कंपनीचा, पत्र्याच्या चकचकीत डब्यात, आत कसलीशी तयार पांढरी पूड. आणि तिसरा डोंगरावरच्या मुंजोबाच्या वाडीतून, बायकांच्या सोसायटीचा. धुतलेल्या मांजरपाटाची पिशवी, तोंड सुईदोऱ्यानं शिवलेलं, आत चिंचोक्याची पूड.

तो घेऊन सत्यभामा स्वतः आली होती. वाडीतल्या बायकांची ही सोसायटी तिनंच उभी केली होती. वाडीत चिंचेची झाडं उदंड. बाया चिंच फोडून विकायच्या आणि चिंचोके आष्टीकडचे व्यापारी पोत्यानं मातीमोल उचलून न्यायचे. सत्यभामानं कुठंतरी ऐकलं की, त्याच चिंचोक्याची पूड कापडवाले विकत घेतात. झालं, आप्पांच्या दारात बसून बसून तिनं गिरणी मंजूर करून घेतली. उंच, हडकुळी बाई, बोलायला फटकळ. नवरा विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला तेव्हा मुलगा शहादेव मांडीवर होता. तिच्या सोसायटीतल्या निम्म्या बाया तिच्यासारख्याच विधवा. ज्यांना ऊसतोडीला कुणी जोडीला घेत नाही, अशा.

पिशवी टेबलावर ठेवून ती मास्तरांना म्हणाली, "दसऱ्याच्या आत काय ते सांगा. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतोय."

मास्तर म्हणाले, "नमुना नीट तपासायला वेळ लागतो, सत्यभामाबाई."

"तपासा की. न्हाई कोण म्हणतंय? पर माझ्या सुनंला सातवा महिना हाय. पूड घेतली तर त्या पैशावर ती आन् शहादेव दोघंबी घरी राहत्याल. न्हाई घेतली तर कोयता घेऊन उसाच्या फडात जात्याल." तिनं पिशवी मास्तरांपुढं सरकवली. "मागच्या साली पहिलं लेकरू फडातच झालं. पालाच्या खोपीत. दुसऱ्या दिवशी गेलं. हे तरी घरात व्हावं, येवढंच माझं म्हणणं हाय."

मास्तरांनी मान हलवली. ते कमी बोलणारे, पण मनातून विरघळलेले मला दिसले. मी तर तिच्याच बाजूचा होतो. आणि खरं सांगायचं तर आप्पाही होते. दुष्काळात बायकांच्या हाताला काम दिलं म्हटल्यावर मोठा कार्यक्रम होणार, कुणीतरी मोठा पाहुणा येणार. आप्पांनी कापडी फलक रंगवायलाही टाकला होता. म्हणजे तपासणाऱ्या तिघांपैकी तिघांनाही तीच पूड पास व्हायला हवी होती. असं आमच्याकडं क्वचित घडतं, आणि घडतं तेव्हा मला भीती वाटते.

मास्तरांनी मात्र तपासणीत एका कवडीचीही सूट दिली नाही. तिन्ही पुडी सारख्या मापानं पाण्यात भिजवल्या, शिजवल्या, रात्रभर झाकून ठेवल्या. सकाळी डाव वर धरून धार कशी पडते ते बघितलं. गवारीची धार तारेसारखी लांबत गेली, डब्यातली पूड गुळगुळीत, चिंचोक्याची सगळ्यांत दाट. मग फडक्यातून गाळून गुठळ्या बघितल्या. मग केसासारख्या बारीक रेघांचं स्क्रीन काढलं आणि तिन्ही खळींत निळा रंग घालून रेघा ओढल्या. गवारीच्या रेघा कडेला थोड्या फुगल्या. चिंचोक्याच्या रेघा सुरीनं कापल्यासारख्या आल्या.

"रामहरी," मास्तर म्हणाले, "ही तर मुंबईवाल्यालाबी मागं टाकती की."

मी चहा सांगितला, स्वतःच्या पैशानं.

चादरीचा नमुना छापायचा राहिला होता. आमची मोठी ऑर्डर होती आश्रमशाळांची: पांढरी चादर, कडेला निळी वेल. रंग कापडाला घट्ट धरावा म्हणून खळीत सोडा घालावा लागतो. मास्तरांनी सोडा घातला, वेल छापली, वाफ दिली, कापड धुऊन दोरीवर टाकलं. वाळत आलं तेव्हा मला वाटलं की डोळ्यांना भास होतोय. चिंचोक्याच्या तुकड्यावर निळ्या वेलीच्या भोवतीनं मळकट तांबूस डाग उठले होते. जिथं जिथं खळ लागली होती, तिथं तिथं. दोनदा धुतलं तरी तांबडं गेलं नाही. बाकीचे दोन तुकडे बाजूला पांढरे स्वच्छ फडफडत होते.

मास्तरांनी डागावर नख घासून बघितलं. मग म्हणाले, "साल राहिलीय."

चिंचोक्याला वरून तांबडी-काळी साल असते. भाजून, कांडून ती पुरती काढली नाही तर सोडा तिच्यातला तांबडा रंग ओढून काढतो, असं त्यांचं म्हणणं. आप्पांनी ऐकलं आणि भडकले. "बे धर्मराज, तू पुन्हा कर. फलक रंगवून झाला माझा." मास्तरांनी पुन्हा केलं. पुन्हा तांबडं आलं.

मी वाडीला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सत्यभामा दारात. मास्तरांनी तिला तुकडा दाखवला, सालीचं सांगितलं. तिनं तो तुकडा टेबलावर आपटला.

"साल? आमच्या पुडीत साल? मास्तर, एकेक चिंचोका बोटानं निवडलाय आमी. डोळं गेलं बायांचं. तुमी वाडीवर या आन् बघा. बघितल्याबिगर आमच्यावर आळ घिऊ नका."

तिचं बरोबर होतं. सालीचा अंदाज मास्तरांनी टेबलामागं बसून केला होता. ते निमूट उठले, सोड्याची पुडी खिशात टाकली आणि मला म्हणाले, राजदूत फटफटी काढ.

वाडीला जाताना वाटेत एक हिरवं पान दिसलं नाही. चिंचाच तेवढ्या उभ्या होत्या, त्याही पिवळ्या पडलेल्या. वाडीत पोचलो तेव्हा समाजमंदिराच्या ओसरीत सगळ्या बाया जमलेल्या. गिरणी बंद होती, कारण त्या सालचे चिंचोके कधीच दळून संपले होते आणि झाडांचा फुलोरा उन्हानं गळून गेला होता. पण सत्यभामानं आम्हाला दाखवायला चार ओंजळी चिंचोके कुठूनतरी मिळवले होते. बायांनी ते तापल्या वाळूत भाजले, उखळात कांडले, सुपात पाखडले आणि मग रांगेनं बसून एकेक दाणा उलटापालटा करून निवडला. तांबडा कण म्हणून राहू दिला नाही. मास्तरांनी एक दाणा दातानं फोडला, उजेडात धरला. आत दुधासारखा पांढरा.

"साल न्हाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. स्वतःची चूक निघाली याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. आता दुसरं काय असेल, याची त्यांना धास्ती होती.

भिंतीला पोती लावलेली होती. मास्तरांनी एका पोत्याचं तोंड सोडलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर पूड बाहेर काढून चोळली. चिंचोक्याची पूड मुळातच सायीच्या रंगाची, थोडी पिवळसर. पण बोटं झटकल्यावरही त्यांच्या नखांच्या कडा पिवळ्या राहिल्या. त्यांनी नखं नाकाला लावली.

"सत्यभामाबाई, ही हळद हाय का?"

"हाय की," सत्यभामा म्हणाली. आणि रागावलेली ती बाई पहिल्यांदाच हसली. "वसमतची हाय. चांगली हळकुंडं आणून इथंच दळली."

"कावून घातली?"

"पिठाला किडं लागू नये म्हणून. आमच्या घरोघरी घालत्यात. पर ही नुसती किड्यापायी घातल्याली न्हाई, मास्तर. ही मानाची हळद हाय."

मग तिनं सांगितलं. पहिली पोती भरायची होती तेव्हा वाडीत वाद झाला. नव्या धान्याला, नव्या पोत्याला हळद वाहायची तर सवाष्णीनं, हा रिवाज. स्वयंपाकातल्या हळदीला विधवेचा हात चालतो, मानाच्या हळदीला चालत नाही. पण पूड तर निम्मी विधवांनी कांडलेली. सत्यभामा उभी राहिली आणि म्हणाली, जिचं पोतं तिची हळद. प्रत्येक बाईनं आपलं पोतं आपण भरायचं, आणि दर पायलीमागं एक मूठ हळद आपल्या हातानं घालायची. सवाष्ण असो, विधवा असो, टाकलेली असो. कुणाचा हात हलका नाही आन् कुणाचा भारी नाही.

"केसरबाई तर रडली," सत्यभामा म्हणाली. "नवरा मेल्यापासून मानाच्या हळदीला हात लावला नव्हता तिनं. मूठ भरली आन् सोडंचना. आमी म्हणलं, आगं घाल की पोत्यात. आख्खी वाडी हसत हुती त्या दिवशी. तसा दिवस आमच्या वाडीत पुन्हा आला न्हाई."

बाया एकमेकींकडं बघून लाजत हसल्या. मलाही हसू आलं. मास्तरांकडं बघितलं आणि माझं हसू तिथंच राहिलं. त्यांनी खिशातून सोड्याची पुडी काढली होती.

ते म्हणाले, "मला एक पितळी आन् थोडं पाणी द्या."

पाण्यात त्यांनी सोडा विरघळवला. पोत्यातली चिमूटभर पूड त्या पितळी ताटलीच्या कडेवर ठेवली आणि बोटानं वर सोड्याचं पाणी सोडलं. पिवळसर पूड बघता बघता तांबडी झाली. अगदी कुंकवासारखी.

एक बाई चटकन मागं सरकली. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"हळदीला सोडा लागला की ती तांबडी होती," मास्तर म्हणाले. "घरात कापडावर हळदीचा डाग पडला आन् साबण लावला की लाल होतो का न्हाई? तसंच. दुसरं काय न्हाई. तुमच्या कामात खोट न्हाई, पूड एक नंबर हाय. पर आमची चादर पांढरी हाय, आन् सोड्याबिगर आमचा रंग धरत न्हाई."

सत्यभामाचा चेहरा राखेसारखा झाला. "सगळ्या पोत्यांत हाय," ती म्हणाली. "एकाला घालून दुसऱ्याला कशी चुकवायची?"

"सगळ्याच?"

"बघा की."

मास्तरांनी दुसरं पोतं सोडलं. तांबडं. तिसरं सोडलं. तांबडं. सवाष्णीचं असो, विधवेचं असो, सोड्यानं कुणाचं ठेवलं नाही. ज्या बाईचं पोतं असेल ती पुढं येऊन उभी राहायची, पितळीकडं बघायची आणि पदर तोंडाशी धरून मागं जायची.  मला वाटत होतं, मास्तरांनी आता थांबावं. पण त्यांना एखादं तरी कोरं पोतं सापडायला हवं होतं. एवढ्या पोत्यांतून दोनचार जरी निघाली असती तरी आप्पांना सांगून त्यांनी ती लावून धरली असती.

शेवटचं पोतं कोपऱ्यात होतं. मास्तरांनी पूड काढली, पाणी सोडलं, वाट बघितली. पूड भिजली आणि होती तशीच राहिली. त्यांनी पुन्हा पाणी सोडलं. सायीचा रंग जराही हलला नाही.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला होता.

सगळ्या बाया एका म्हातारीकडं बघायला लागल्या. ती बायनाबाई. पांढरं कपाळ, पांढरे केस. ती भिंतीला टेकून बसली होती, ती उठलीच नाही.

"माझं हाय," ती म्हणाली. "म्या हळद घातली न्हाई."

"कावून?"

"विधवेनं मानाच्या हळदीला हात लावू न्हाई म्हणून. म्या सत्यभामाला तवाच म्हणलं हुतं. तिनं ऐकलं न्हाई. सवाष्णीकडून घालून घे, आसं बाया म्हणाल्या, तर म्या म्हणलं, माझं पोतं तसंच ऱ्हाऊ द्या." आणि ती रडायला लागली. आपलं खरं ठरलं याचा तिला आनंद नव्हता, उलट ती घाबरली होती. "बघा गं बायांनो. देवानं दाखवलं. माझं येकटीचं राखलं."

ओसरीत आधी कुजबुज झाली, मग आवाज वाढले. केसरबाई आपले दोन्ही तळहात लुगड्याला पुसायला लागली. पुसत राहिली. एक सवाष्ण म्हणाली, "आमची बी पोती लाल झाली की." दुसरी म्हणाली, "होणारच. विधवांच्या पोत्यांसंगं येका ओळीत, येका पंगतीला ठिवली हुती."

मास्तर उठून उभे राहिले. शांत माणूस, पण त्या दिवशी ओरडले. "आवो, ऐका माझं! देवाचा काय संबंध न्हाई. बायनाबाईचं पोतं पांढरं ऱ्हायलं, कारण त्याच्यात हळद न्हाई. बाकीची लाल झाली, कारण त्यांच्यात हळद हाय. येवढंच हाय!"

बायनाबाईनं डोळे पुसले. "आमी तरी दुसरं काय म्हणतो, मास्तर?"

 मास्तरांना सोलापुरात बरंच काही शिकवलं होतं, पण याचं उत्तर शिकवलं नव्हतं.  मी सत्यभामाकडं बघितलं. ती पोत्यांच्या मधोमध उभी होती आणि तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं. सकाळपर्यंत ज्या बाया तिच्या शब्दावर उठत-बसत होत्या, त्या तिला वळसा घालून एकेक करून ओसरी उतरत होत्या. मला त्या पितळीचा असा राग आला की, लाथेनं उडवावीशी वाटली.

आप्पांसमोर मास्तरांनी शिकस्त केली. एका पोत्यानं काय होणार, आप्पा म्हणाले. गडद रंगाच्या चादरी छापू, त्यात तांबडं दिसणार नाही, असं मास्तर म्हणाले; तर ऑर्डर पांढऱ्याची आहे, गडद चादरी काय मी पांघरू, असं आप्पांनी विचारलं. चैतापर्यंत थांबू, नवे चिंचोके येतील, असं मास्तर म्हणाले. तर चैतापर्यंत आश्रमशाळेची पोरं थंडीत झोपतील का, असं आप्पांनी विचारलं. आणि झाडांना फुलोराच नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. शेवटी गवारीची पूड ठरली. गुजरातच्या एजंटानं मला पुन्हा एक पेन दिलं. मी ते घेतलं नाही. एवढीच माझी बहादुरी.

दसरा झाला. मास्तर मला म्हणाले, वाडीवर जाऊन येऊ, तिला पुढल्या सालचा शब्द तरी देऊ. आम्ही गेलो तेव्हा समाजमंदिरासमोर मुकादमाचा ट्रक लागलेला होता. अर्धी वाडी त्यात चढत होती. कोयते, तवे, पत्र्याचे डबे, पाय बांधलेल्या कोंबड्या, एक शेळी. शहादेव वर उभा राहून सामान ओढून घेत होता. त्याची बायको कौशल्या खाली उभी होती, नववारीचा काष्टा पोटावरून सैल बांधलेला. नववा लागायला आला असावा. विशीतली पोरगी, चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. जनावर बाजाराला नेताना उभं राहतं, तशी उभी होती.

सत्यभामा घराच्या दारात बसलेली. मास्तर तिच्यापुढं उकिडवे बसले.

"पुढच्या साली बिनहळदीची पोती ठिवा," ते म्हणाले. "किड्यासाठी कडुलिंबाचा पाला घाला. मी स्वतः लिहून देतो, पूड पास हाय."

"पुढच्या साली बाया येत्याल का मास्तर?" ती म्हणाली. तिचा फटकळपणा कुठं गेला होता कुणास ठाऊक. "माझ्या उखळात कोण मुसळ घालंल आता?"

"सत्यभामाबाई, तुमी तरी त्या खुळात पडू नका. सोड्याचा गुण हाय तो."

"आसंल," ती म्हणाली.

ट्रकजवळ निघायची गडबड झाली. एका बाईनं हळदीकुंकवाचं ताट फिरवायला घेतलं. फडावर जाणाऱ्या बायांना गाव सोडताना हळदकुंकू लावतात. ताट कौशल्याजवळ आलं, तसं तिनं ते त्या बाईच्या हातातून घेतलं आणि ती चालत दारापर्यंत आली. सगळे बघत होते. तिला कळत होतं की सगळे बघताहेत.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला तुमी लावा."

सत्यभामानं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं. तिकडं सवाष्णी हायत्या, त्यांच्याकडून घे."

"मला त्यांची नगं. तुमची पाहिजे." कौशल्याचा आवाज फुटला. "मागच्या साली बी निघताना तुमीच लावली हुती की."

"म्हणूनच नगं म्हणते, बाई," सत्यभामा म्हणाली.

कौशल्या ताट धरून तशीच उभी राहिली. आपण काय ऐकलं ते तिला उशिरानं कळलं.   सत्यभामानं तिच्याकडं बघितलं नाही; खाली मान घालून ती पदराखाली हात दाबून बसली होती. मागून एक सवाष्ण पुढं झाली. तिनं कौशल्याच्या हातातून ताट काढून घेतलं, तिला हळदकुंकू लावलं आणि तिचा दंड धरून ट्रककडं नेलं. शहादेवनं वरून हात दिला, दोघी बायांनी खालून आधार दिला, आणि तिला ट्रकमध्ये चढवलं.